नावात फक्त अक्षरे लिहावीत

माझी भाची हट्टी आहे, याबद्दल आमच्या गल्लीत, तिच्या ऑफिसात आणि नात्यागोत्यात एकमत आहे. ही गोष्ट मी येथे लेखी मान्य करते. मात्र हट्ट या शब्दाचा जो अर्थ लोक घेतात तो मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे. वाचणाऱ्याने आधी पूर्ण वाचावे आणि नंतर मत ठरवावे.

भाची नऊ वर्षांची असताना माझ्याकडे आली. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तीन आठवड्यांच्या आजारात गेली. वडील लांबच्या गावी बांधकामावर होते आणि पुढे तेही येईनासे झाले. माझ्या दोन खोल्या होत्या आणि रुग्णालयाच्या धुलाईघरात नोकरी होती. एकतीस वर्षे मी चादरींना, अभ्र्यांना आणि डॉक्टरांच्या डगल्यांना इस्त्री केली. मला वाचता येत नव्हते. चादरीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे टाके दोन आहेत की तीन, यावरून ती कोणत्या वॉर्डाची हे मी ओळखत असे. टाक्यांवर माझे काम भागत होते.

भाची अकरा वर्षांची असताना एकदा शाळा सुटल्यावर धुलाईघरात आली. त्याच वेळी मुकादम एक कागद घेऊन आमच्या टेबलापाशी आला आणि त्याने शाईची डबी माझ्यापुढे उघडली. मी अंगठा पुढे केला. पोरगी म्हणाली, "मावशी, थांब. आधी वाचू दे."

मुकादम हसला. "अगं ए, अंगठा उठवायला वाचावं लागत नाही."

"म्हणूनच वाचतेय," ती म्हणाली.

तिने तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला. तेवढा वेळ मुकादम शाईची डबी हातात धरून उभा राहिला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिले होते की, वाफेने भाजल्यास कामगार स्वतः जबाबदार राहील. मी अंगठा उठवला नाही, माझ्यामागून इतर सात जणींनीही उठवला नाही. मुकादमाने त्या दिवसापासून तिला 'वकीलसाहेब' म्हणायला सुरुवात केली. तो टोमणा होता. तिने तो मान म्हणून घेतला.

पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि वेबसाइट तयार करण्याचे काम करू लागली. हे काम मी पुष्कळ पाहिले आहे, कारण ती पुष्कळदा घरीच, खिडकीपाशी टेबल ओढून ते करते. पाहणाऱ्याला वाटते की ती काहीतरी तयार करते आहे. प्रत्यक्षात दिवसातले निम्मे तास ती काय बिघडले हे शोधत असते. एक कंस लावायचा राहिला तर सगळे पान कोरे दिसते. तिच्याकडे चालणारे बटण गिऱ्हाइकाकडे चालत नाही. अशा वेळी पडद्यावर लाल अक्षरात मजकूर येतो. इतर लोक तो पाहून घाबरतात, किंवा त्यातले दोन शब्द उचलून कुठून तरी तयार उत्तर आणतात आणि न वाचता चिकटवतात. भाची तो मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचते. नंतर मला सांगते, "मावशी, नुसतं ऐक." मी घडी घालता घालता ऐकते. काय झाले, आधी काय झाले, त्याच्या आधी काय झाले, असे ती सांगत जाते आणि मध्येच टेबलावर थाप मारते. "कळलं!" मला काहीही कळलेले नसते. मला कळत नाही हाच त्या कामी माझा उपयोग आहे.

तिचे ऑफिस एका टायरवाल्याच्या दुकानावर होते. एक खोली, चार टेबले, आणि खालून दिवसभर हवा भरल्याचा आवाज. मालकाला सगळे 'सर' म्हणत. भाचीच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला सगळे 'चालतंय' म्हणत, कारण कोणतेही काम पुढे केले की तो म्हणे, "चालतंय की." भाचीला ते 'खोडरबर' म्हणत. ती दुसऱ्याचे लिहिलेले खोडते, अशी तिची ख्याती होती.

त्या दोघांमधला फरक एका उदाहरणाने सांगते. एका दुकानाच्या वेबसाइटवर जन्मतारीख टाकली की ती एक दिवस आधीची दिसे. चालतंयने तारखेत एक दिवस मिळवून टाकला आणि काम संपवले. भाचीने दोन दिवस शोध घेतला. तारीख ज्या यंत्रात साठवली जात होती ते दुसऱ्या देशात होते आणि तिथले घड्याळ मागे होते. चालतंय म्हणाला, "आता बरोबर दिसतेय ना? मग?" भाची म्हणाली, "तिकडच्या माणसाला विचार. तुझ्यामुळे तो एक दिवस उशिरा जन्मला." त्याने मिळवलेला दिवस तिने खोडला आणि मुळात दुरुस्ती केली. सर तिच्यावर रागावले, कारण गिऱ्हाईक खूश होते आणि तरी दोन दिवस गेले होते.

आता मुख्य हकिगतीकडे येते.

सेवानिवृत्त झाल्यावर मी प्रौढवर्गात जाऊ लागले. वर्ग दुपारी चार वाजता प्राथमिक शाळेत भरतो. बाके लहान मुलांची आहेत. आमचे गुडघे त्यांच्याखाली मावत नाहीत, म्हणून आम्ही सगळे एका अंगाला वळून बसतो, जशी माणसे होडीत बसतात. आम्ही एकोणीस जण होतो. त्यांत एक गवंडी होता, ज्याची जीभ त्याच्या थापीपेक्षा जलद चालते, आणि एक माळी होता. माळीदादांचे वय अडुसष्ट. सार्वजनिक बागेत त्यांनी चाळीस वर्षे काम केले, आणि प्रत्येक झाडापुढे लावलेली पाटी त्यांनी स्वतः रोवली होती, न वाचता.

आमच्या पहिल्या धड्यात फक्त साधी अक्षरे होती. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. घर बघ. नळ बघ. बदक बघ. अडीच महिने हेच चालले. एके दिवशी माळीदादांनी हात वर केला. "बाई, अडीच महिने नळ बघतोय. पाणी कधी येणार?"

बाई म्हणाल्या, "पाण्याला काना आणि वेलांटी लागते, दादा. पुढच्या धड्यात येईल."

आणि ते आले. वर्षाच्या अखेरीस आम्ही जोडाक्षरांपर्यंत पोहोचलो. शिक्षण खात्याची परीक्षा जवळ आली. खात्याने त्या वर्षी परीक्षेची नोंदणी वेबसाइटवर घेण्याचे ठरवले, आणि ती वेबसाइट तयार करण्याचे काम भाचीच्या ऑफिसला मिळाले. भाची तेव्हा दुसऱ्या कामात होती. ही वेबसाइट चालतंयने तयार केली.

नोंदणीच्या दिवशी बाईंनी आम्हाला मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढे रांगेत उभे केले. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्या पानावर व्यवसाय, आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने टाकायचे, असा नियम होता. मी माझे नाव टाकले. एकेक कळ शोधायला मला सहा मिनिटे लागली. खाली लाल ओळ आली : 'नावात फक्त अक्षरे लिहावीत.'

मी पुसून पुन्हा लिहिले. तीच ओळ. माझ्यामागून गवंडी बसला, त्यालाही तीच ओळ. "अक्षरंच लिहिली की!" तो ओरडला. "मी काय विटा रचल्या का त्यात?"

एकोणीसपैकी सतरा जणांना त्या यंत्राने नाकारले. पहिल्या पानावरून आत गेल्या त्या फक्त दोघी, आणि दुसऱ्या पानावर 'घरकाम' लिहिताच त्याही अडल्या. आता जे आम्ही केले ते शिकल्यासवरल्या माणसाने केले नसते. आम्ही सगळ्यांनी मान्य केले की चूक आमचीच आहे. दोन तास आम्ही आमची नावे वह्यांत लिहून बाईंना दाखवत होतो. ऱ्हस्व आहे का दीर्घ, अनुस्वार राहिला का, असे विचारत होतो. माळीदादा म्हणाले, "एवढं मोठं यंत्र. ते कसं चुकेल? आपलंच लिहिणं कच्चं." बाईसुद्धा गोंधळल्या.

मी घरी गेले तेव्हा भाची ताटे घासत होती. मी घडलेले सांगितले.

"आत कोण गेलं?" तिने विचारले.

मी त्या दोघींची नावे सांगितली आणि म्हणाले, "त्यांचं बरं आहे. त्यांची नावं पहिल्या धड्यातली आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे काना-मात्रा काही नाही. आडनावातसुद्धा नाही. नुसती 'नळ बघ' सारखी." आणि मग मला जे वाटत होते ते मी बोलून गेले. "काय गं, हे यंत्र अजून पहिल्याच धड्यावर आहे का?"

तिच्या हातात ओले ताट होते. ते तिने तसेच धरून ठेवले. "मावशी," ती म्हणाली, "परत बोल."

मी परत बोलले. तिने ताट ठेवले, हात पुसले आणि टेबलापाशी जाऊन बसली. दहा मिनिटांनी तिने मला समजावून सांगितले. यंत्राकडे जगातल्या सगळ्या लिप्यांची यादी असते, आणि प्रत्येक खुणेपुढे ती खूण कोणत्या जातीची हे लिहिलेले असते. क हे अक्षर. काना हे अक्षर नव्हे, ते नुसते चिन्ह. वेलांटी चिन्ह, अनुस्वार चिन्ह, अक्षराचा पाय मोडतो तेही चिन्ह. चालतंयने नियम लिहिला होता की अक्षराखेरीज काहीही आत घेऊ नये. नियम तपासताना त्याने नावाच्या जागी 'अबक' लिहिले होते आणि व्यवसायाच्या जागी गंमत म्हणून 'सर'. दोन्ही आत गेले. सगळे हसले आणि काम खात्याला दिले गेले.

"एक ओळ बदलायचीय," भाची म्हणाली. "अक्षरं आणि चिन्हं, दोन्ही चालतील असं लिहायचं. झालं."

दुसऱ्या दिवशी तिने हे ऑफिसात सांगितले. चालतंय म्हणाला, "माझी चूक, मीच करतो दुरुस्त." दुपारपर्यंत आम्हाला निरोप आला की या, आता होते आहे. आम्ही गेलो. एकोणीसच्या एकोणीस आत गेलो. गवंड्याने टाळी वाजवली.

आठवड्याने नोंदणीच्या पावत्या आल्या. बाईंनी त्या वाटल्या. वर्गात आम्ही सगळे बोट ठेवून वाचत होतो. मग माळीदादा उभे राहिले.

"बाई, मी वाचतो ते बरोबर आहे का बघा. व्यवसाय. म… ळ. मळ."

कोणीतरी हसले. हसणारा गवंडी होता. मग त्याने स्वतःची पावती वाचली. त्याच्या पावतीवर 'गवड' होते. सुताराचा 'सतर' झाला होता. मी 'इस्त्रीकाम' लिहिले होते, माझ्या पावतीवर 'इसतरकम' होते. नावांचीही तीच गत.

चालतंयने नियम बदललाच नव्हता. जी चिन्हे नियमात बसत नव्हती ती परस्पर गाळून टाकायची, असे त्याने यंत्राला सांगितले होते.

बाई म्हणाल्या, "छापण्यात काहीतरी झालं असेल, दादा. ओळखू येतंय ना?"

माळीदादांनी पावती बाकावर ठेवली. "अडुसष्ट वर्षं मला कोणी मळ म्हणून लिहिलं असतं, तरी कळलं नसतं," ते म्हणाले. "आता कळतं. तुम्हीच शिकवलंत." आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत.

ऑफिसात पुढे जे झाले ते भाचीने मला जसे सांगितले तसे लिहिते. तिने चालतंयला विचारले, "लोकांनी मुळात काय लिहिलं होतं, ते कुठे ठेवलंस का?"

"कशाला ठेवू? साफ करून ठेवलंय."

"सगळ्या वर्गांचं?"

"तीनशे अकरा नोंदी. अगं, नाव तर समजतंय. चालतंय की."

"तुझ्या आईचं नाव टाकून बघ."

त्याने टाकले. आधी हसला. मग पडदा पुसल्यासारखा हात फिरवला आणि म्हणाला, "तू सांग सरांना. मी नाही सांगणार."

तिने सांगितले. सर म्हणाले, "खात्यानं काम स्वीकारलंय. आता चूक निघाली की आपलं नाव खराब. तुला एवढंच वाटतंय तर अंदाजानं भरून टाक ना. मळ म्हणजे माळी, हे शेंबडं पोर सांगेल."

"मळ म्हणजे माळी, सर. मोळीपण. मुळा, माळ, मेळा. कोणतं लिहू? आणि माणसाचं नाव अंदाजानं लिहायचं?"

"हे बघ खोडरबर," सर म्हणाले, "गुरुवारी खात्याचे साहेब वर्गावर बघायला येणार आहेत. त्याच नोंदींवरून प्रमाणपत्रं छापायची आहेत. दाखवायचं काम तुझं, कारण तू नीट बोलतेस. त्या वेळी या विषयावर एक शब्द काढलास, तर शुक्रवारपासून येऊ नकोस."

आमचे घर तिच्या नोकरीवर चालत होते. हे सरांना माहीत होते आणि मलाही. म्हणून मी जे केले तेही लिहिले पाहिजे. बुधवारी सकाळी मी तिला म्हणाले, "गप्प राहा. तू घरी बसून दुरुस्ती तयार केली आहेस ना? हळूच लावून टाक. कोणाला कळतंय?"

"चोरून लावली तर तो चोरीचा माल, मावशी. आणि गेलेले काने-मात्रे कुठून आणू? माणसांनाच परत विचारावं लागेल. ते चोरून होत नाही."

"मग राहू दे तसंच. आम्ही म्हातारी माणसं. आम्हाला काय करायचंय त्या कागदाचं?"

ती माझ्याकडे वळली. "तुझी पावती आण."

मी आणली.

"वाच. मोठ्यानं."

"इसतरकम," मी वाचले. तो शब्द खोकल्यासारखा तोंडातून निघाला. एकतीस वर्षे मी जे काम केले त्याचे ते नाव नव्हते. मी पावती घडी करून ठेवली आणि त्यानंतर तिला काही सांगितले नाही.

गुरुवारी साहेब आले. उंच, थकलेले, चष्मा खिशात ठेवणारे गृहस्थ. त्यांच्यासोबत सर होते, चालतंय होता आणि भाची होती. मुख्याध्यापकांचा कॉम्प्युटर आणि छपाईचे यंत्र वर्गात आणून ठेवले होते. गवंड्याने माळीदादांना बागेतून मनगट धरून आणले होते. ते दाराशी उभे राहिले, बसायला तयार होईनात.

भाचीने सगळे नीट दाखवले. किती वर्ग, किती नोंदी, परीक्षेचे केंद्र कसे मिळते. साहेब मान हलवत होते. शेवटी त्यांनी विचारले, "काही अडचण?"

"काहीच नाही, साहेब," सर म्हणाले.

"साहेब," भाची म्हणाली, "आपण स्वतः एक नोंद करून बघता का?"

सर मध्ये पडले. "अगं, साहेबांना वेळ कुठंय?"

पण साहेब बसलेसुद्धा. त्यांना टंकलेखन येत होते आणि ते दाखवायची हौस होती. दोन बोटांनी नव्हे, दहा बोटांनी त्यांनी नाव लिहिले आणि व्यवसायाच्या जागी आपला हुद्दा लिहिला : निरीक्षक. पावती छापून आली. साहेबांनी खिशातला चष्मा काढला.

"नर…" त्यांनी वाचले. "नरक… नरकषक? हे काय आहे?"

मागून गवंडी म्हणाला, "असू दे साहेब. पहिल्या धड्यात सगळे असंच वाचतात."

वर्ग हसला. मीही हसले. सर घाईने म्हणाले, "छपाईचं यंत्र जुनं आहे, साहेब."

"छपाईची चूक नाही," भाची म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "चूक आमची आहे. आमचा प्रोग्राम काना, मात्रा, वेलांटी गाळून टाकतो. तीनशे अकरा माणसांचं गाळलंय. हे दादा चाळीस वर्षं बाग राखतात, त्यांच्या पावतीवर आम्ही मळ लिहिलंय."

साहेबांनी दाराकडे पाहिले. माळीदादांनी नजर खाली केली नाही. मग साहेबांनी सरांना खुर्ची दाखवली. "तुम्ही लिहा. तुम्हाला काय म्हणतात?"

सर बसले आणि त्यांनी लिहिले. पावती आली : सर.

"बघा, बरोबर येतंय," सर म्हणाले.

"तुमचं येणारच," भाची म्हणाली. "तुम्हाला कानाही नाही आणि मात्राही नाही. म्हणून तर तुम्हाला कधी लागलं नाही."

साहेब रागावले, आणि आधी तिच्यावरच रागावले. चारचौघांत त्यांना नरक वाचावे लागले होते. "हे आधी का सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. ज्यांना सांगायला हवं त्यांना."

साहेबांनी सरांकडे पाहिले, मग पावतीकडे, आणि पावती घडी करून चष्म्यासोबत खिशात घातली. दुरुस्ती होईपर्यंत छपाई थांबेल, आठ दिवसांची मुदत, असे म्हणून ते गेले.

व्हरांड्यात सरांनी भाचीला गाठले. आम्ही सगळे खिडकीपाशी होतो. ऐकत नसल्याचा आव कोणीही आणला नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले.

"उद्या येणार," भाची म्हणाली. "तीनशे अकरा माणसांकडे परत जायचंय. ते झालं की नाही येणार."

"तुला ठेवायचं का नाही ते मी ठरवणार!"

"नका ठेवू. मी ठेवा म्हणालेच नाही. पण हे अर्धं टाकून जाणार नाही, आणि तुमच्याकडे दुसरं कोण आहे जायला?"

दुसरे कोणी नव्हते, हे सरांनाही माहीत होते. तेवढ्यात चालतंय पुढे आला आणि म्हणाला, "मी जातो हिच्याबरोबर. मीच गाळलंय." त्याला त्या दिवशी प्रथमच कोणीतरी पाणी विचारले.

आठ दिवसांत ती दोघे चौदा वर्गांवर गेली. भाचीचा नियम एकच होता. कोणाच्याही वतीने एकही अक्षर लिहायचे नाही. ज्याचे नाव त्याने टाकायचे, वेळ लागू दे. एका वर्गात एका आजींना चाळीस मिनिटे लागली, आणि चालतंय चाळीस मिनिटे जवळ बसला.

आमचा वर्ग शेवटचा होता. माळीदादा बसले. म, काना, ळ. मग त्यांनी वेलांटी टाकली आणि मागे रेलून पाहिले. पडद्यावर 'माळि' आले होते.

"दीर्घ, दादा, दीर्घ!" बाई पुटपुटल्या.

चालतंयचा हात कळांकडे गेला. भाचीने त्याचे मनगट धरले. माळीदादांनी पडद्याजवळ तोंड नेले, दोन्ही वेलांट्या मनात तपासल्या, चुकीची पुसली आणि बरोबर टाकली. पावती निघाली. त्यांनी ती तीनदा वाचली. दोनदा मनात आणि एकदा आम्हाला ऐकू येईल अशी.

"आता नापास झालो तरी हरकत नाही," ते म्हणाले. "माळी म्हणून नापास होईन."

भाचीने संध्याकाळी ऑफिसातला लॅपटॉप चालतंयच्या हाती दिला आणि म्हणाली, "सरांना पोचव." सरांनी तिला परत बोलावले नाही. तिनेही विचारले नाही.

आता लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात की, एका वेलांटीसाठी पोरीने नोकरी घालवली. माझी मैत्रीण, जी धुलाईघरात माझ्या शेजारी उभी राहत असे, तिनेही तेच म्हटले. मी तिला विचारले की, तुझ्या नावातल्या किती वेलांट्या तू द्यायला तयार आहेस, ते सांग, मग पुढे बोलू. तिने विषय बदलला. या गोष्टीला दोन महिने झाले. मी पुन्हा दुपारपर्यंत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते, आणि भाची नोकरी शोधते.

गेल्या सोमवारी ती एका मोठ्या ऑफिसात मुलाखतीला गेली. काचेच्या भिंती, मऊ खुर्च्या, तिघे जण विचारायला. त्यांनी आधी त्यांच्या वेबसाइटवर अर्ज भरायला सांगितला. तिने आपले नाव आपल्या अक्षरांत टाकले. लाल ओळ आली. तिने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि तिघांना सांगितले की तुमचा अर्ज माणसांची नावे परत पाठवतो आहे.

त्यांतला एक जण म्हणाला, "आजवर कोणी तक्रार केली नाही."

"ज्यांना करायची होती ते आत आलेच नाहीत," भाची म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि कळवतो म्हणाले. उत्तर अजून आलेले नाही. काल तिने मला विचारले की ते वाक्य जरा जास्त झाले का. मी तिला सांगितले की उत्तर आले नाही तरी चालेल, ते वाक्य तू परत घ्यायचे नाहीस.